लॅपटॉप हळू का चालतो

१८ जून, मंगळवार

शाळा सुरू झाली. ऑफिसात उन्हाळ्याची धूळ होती, ती ग्यानोबा शिपायाने झाडून घेतली. लॅपटॉप मात्र मी स्वतः पुसला. संस्थेने दिलेला हा एकच लॅपटॉप आहे आणि आजवर तो माझ्याशिवाय कोणाच्या हाती गेलेला नाही. मी इथला कारकून, गावच्या शाळेत पाटी-लेखणीवर शिकलेला माणूस. कॉम्प्युटर चाळिशीनंतर शिकलो. एका बोटाने टाइप करतो, पण मी केलेला कागद वरून कधी परत आलेला नाही. ती देवाची कृपा.

दुपारी आण्णांनी बैठक घेतली. आण्णा म्हणजे शेषेराव, आमच्या संस्थेचे अध्यक्ष. यंदा शाळेला अनुदान लागायचं चिन्ह आहे. ज्या शिक्षकांची नावं ऑगस्टअखेर लातूरच्या ऑफिसात जातील ते कायम होतील. त्याआधी सगळ्या मुलांची माहिती आधारसकट ऑनलाइन भरायची आहे. हेडमास्तरांनी ते काम सोनकांबळे मॅडमना दिलं. विशाखा सोनकांबळे, गणित शिकवतात. मूळ बिलोलीकडच्या, मुदखेडला खोली करून राहतात. दोन वर्षं जवळजवळ फुकटच शिकवत आहेत, कायम होण्याच्या आशेवर. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, एवढं काम पार पाडा मॅडम, तुमचं नाव पक्कं समजा.

म्हणजे लॅपटॉप आता सकाळी माझा आणि दुपारनंतर त्यांचा. मला काही अडचण नाही. काम संस्थेचं आहे.

२१ जून, शुक्रवार

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो.

मॅडम बौद्ध आहेत. गावात अजून जुनं नाव घेतात, मी घेत नाही. मी भेद मानत नाही. चौदा एप्रिलला शाळेत फोटोला हार मीच आणतो आणि तो चांगल्यातला आणतो. पण लहानपणापासून मनाला काही वळणं लागलेली असतात. सकाळी स्नान, पूजा करून, गंध लावून मी ऑफिसात येतो आणि पहिलं बोट त्या बटणांवर ठेवायचं म्हटलं की मन अडखळतं. काल अडखळलं, आज पुन्हा अडखळलं. मग काम नीट होत नाही.

म्हणून घरून गोमूत्राची लहान बाटली नेऊन ड्रॉवरमध्ये शिक्क्यांच्या डब्यामागे ठेवली आहे. सकाळी फुलाच्या पाकळीने दोन थेंब बटणांवर शिंपडतो आणि नाम घेऊन काम सुरू करतो. यात मॅडमचा अपमान नाही. त्यांना दिसतही नाही. हा माझा आणि माझ्या मनाचा प्रश्न आहे.

ग्यानोबाने पाहिलं. म्हणाला, "भाऊसाहेब, यंत्राला पानी चालत न्हाई म्हंतेत."

मी सांगितलं, हे पाणी नाही.

२६ जून, बुधवार

आमच्या साक्षीच्या अकरावीचा फॉर्म आज भरला. लातूरलाच शिकायचं असा पोरीचा हट्ट. फॉर्म ऑनलाइन, त्यात कॉलेजांचे क्रम द्यायचे, फोटो ठरलेल्या मापाचा लागतो. मला ते जमेना. मॅडमनी साक्षीला शाळा सुटल्यावर बोलावलं आणि शेजारी बसवून सगळं भरून दिलं. शेवटची एसटी चुकली म्हणून ग्यानोबाच्या भाच्याच्या मोटरसायकलवर मुदखेडला गेल्या. साक्षी घरी येऊन तिच्या आईला, सिंधुला, सांगत होती, मॅडम लई भारी शिकवतात, मला तीन गणितं पण सोडवून दिली.

सिंधु म्हणाली, त्यांना एकदा जेवायला बोलवा की. मी म्हणालो, बघू. श्रावण झाला की.

४ जुलै, गुरुवार

लॅपटॉप हळू चालायला लागला आहे.

आधी वाटलं नेट नसेल. पण साधी फाइल उघडायलाही वेळ लागतो. बाण गोल गोल फिरत राहतो. ग्यानोबा चहा घेऊन येतो, कप परत नेतो, तरी पान उघडलेलं नसतं. मी बंद करून चालू केला. जुन्या फाइली काढून टाकल्या. हेडमास्तर म्हणाले व्हायरस असेल, तर त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं तसं व्हायरसचं औषध त्यात घातलं. त्याने तर आणखीच बसला.

माझ्याकडे हा लॅपटॉप एवढी वर्षं होता, कधी असं झालं नाही. हात बदलला आणि हे सुरू झालं. मी कोणावर आरोप करत नाही. जे दिसतं ते लिहितो.

उद्यापासून थोडं जास्त शिंपडावं म्हणतो.

९ जुलै, मंगळवार

मॅडमनी आज लॅपटॉपचं काय दुखतं ते पाहायला घेतलं. मी समोरच बसलो होतो. त्यांनी एक यादी उघडली, कोणतं काम यंत्राचं किती डोकं खातं ते त्यात दिसतं. व्हायरसचं औषध सगळ्यात जास्त खात होतं, ते काढलं. चालू होताना आपोआप उघडणारी चार-पाच कामं बंद केली. थोडा फरक पडला. मग त्यांनी हात खाली लावला आणि चटकन काढला. म्हणाल्या तापलाय. तापला की तो स्वतःच हळू होतो, जळू नये म्हणून. आतला पंखा फिरत नसणार. कान लावून ऐकलं, तर पंखा कण्हल्यासारखा आवाज करत होता.

त्यांनी दोन डस्टर आणून खाली दोन्ही बाजूंना लावले, हवा खेळावी म्हणून. दुपारभर बरा चालला. बाईला अक्कल आहे, नाही म्हणता येणार नाही.

जाताना विचारलं, "भाऊसाहेब, सकाळी हे कोणी ओल्या फडक्याने पुसतं का? बटणं चिकटून राहिलीत."

मी म्हणालो, ग्यानोबा पुसत असेल. मग ग्यानोबाला बोलावून मॅडमसमोर ताकीद दिली की ओलं फडकं लावायचं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हाव भाऊसाहेब म्हणाला.

पूजा ही प्रत्येकाची खाजगी गोष्ट आहे. तिचा खुलासा देत बसावा असं मला वाटत नाही.

१६ जुलै, मंगळवार

डस्टर लावून चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मी विचार केला. यंत्राला मन नसतं असं म्हणतात, पण विहिरीला तरी कुठे मन असतं, तरी आपण ती बाटते असं धरायचोच ना. आता धरत नाही. पण आपले वाडवडील मूर्ख होते असंही मला म्हणवत नाही.

आता पाकळीने न शिंपडता झाकणात घेऊन हाताने शिंपडतो. बटणांवर आणि बाजूच्या जाळीवरही, जिथून गरम वाफ येते. दोष आत असेल तर आतपर्यंत पोचलं पाहिजे.

सिंधुला आज हे सहज सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आन् तुमच्या मोबाइलवर शिंपडता का वो? काल त्याच मॅडमनी त्याच्यात साक्षीचं कायतरी करून दिलं म्हनला ना."

मी मोबाइल खिशात ठेवला. बायकांशी वाद घालून काही हाती लागत नाही.

१८ जुलै, गुरुवार

डब्याचं आज मिटलं. शिक्षिका मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गोल करून जेवतात, भाजी एकमेकींच्या डब्यात देतात. मॅडम आल्या की गोल मोडतो. कोणी म्हणतं उपास आहे, कोणी वर्गातच खातं. दोन वर्षं असंच चाललंय. काल दोघी माझ्याकडे आल्या, भाऊसाहेब, कायतरी करा, रोज रोज उपास कुठून आणायचा.

मी मॅडमना चांगल्या शब्दांत सांगितलं, तुम्हाला लॅपटॉपवर काम असतं, डबा ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि इथेच जेवत जा, वेळ वाचेल. त्यांनी डबा पिशवीतून काढून कपाटात ठेवला. मग म्हणाल्या, "बरं झालं भाऊसाहेब, त्या बायांचे उपास तरी सुटतील."

विनोदी आहेत तशा. कोणाचं मन न दुखावता काम झालं.

२२ जुलै, सोमवार

माहिती अजून निम्मीसुद्धा भरून झालेली नाही. एक मूल भरायला पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढ्यात आता नावसुद्धा टाकून होत नाही. पान अडकतं, भरलेलं पुसलं जातं, पुन्हा पहिल्यापासून. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. चिडत नाहीत. अडकलं की हात मांडीवर घेऊन बसून राहतात. आज नववीच्या एका पोरीची माहिती पाचव्यांदा पुसली गेली, तेव्हा लॅपटॉपला म्हणाल्या, "बाबा, माझं काय चुकलं तेवढं तरी सांग."

मला वाईट वाटलं. संध्याकाळी देवापुढे त्यांच्यासाठीही हात जोडले.

आण्णांचा फोन होता, किती झालं म्हणून. मी आहे ते सांगितलं. म्हणाले, जमत नसेल तर सांग, आमची वर्षाराणी बीएड करून घरीच बसून हाय. वर्षाराणी त्यांची पुतणसून.

२९ जुलै, सोमवार

लॅपटॉप घेऊन नांदेडला गेलो. दुरुस्तीच्या दुकानात एक पोरगेलासा माणूस होता. त्याने स्क्रू काढून झाकण उघडलं आणि नाक मागे घेतलं. आत पंख्याच्या पात्यांवर पिवळट खपली धरली होती, धूळ तिच्यात मळल्यासारखी बसलेली. तांब्याच्या नळीला हिरवं चढलं होतं. पंखा बोटाने ढकलला तरी फिरेना.

त्याने विचारलं, चहा सांडला का? मी नाही म्हणालो. तोही म्हणाला, चहा नव्हे, हे खारट दिसतं. मग म्हणाला, "काका, हे एकदा सांडलेलं न्हाई. रोज थोडं थोडं पडलंय."

क्षणभर माझ्या मनात एक विचार आला. मी तो पुढे जाऊ दिला नाही. तेवढ्यात तोच म्हणाला, उंदीर मुतला असंल, शाळेत उंदीर असतेतच. मला एकदम हलकं वाटलं. उंदीर आहेतच. कपाटात लेंड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. गोमूत्राने आजवर कोणाचं काही बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही, त्याने उलट रोग जातात. उंदराचं ते विष आणि गाईचं ते अमृत, एवढा फरक यंत्रालाही कळत असणार.

त्याने पंखा आणि बटणांची पाटी नवीन बसवायचं ठरवलं. ओलं काही लागू देऊ नका म्हणाला, पुढच्या वेळी आतला बोर्डच जाईल.

३ ऑगस्ट, शनिवार

लॅपटॉप आला. बटण दाबलं की उघडतो. मॅडमना एवढा आनंद झाला की ग्यानोबाला सांगून सगळ्यांना चहा पाजला. माझा कप मी तसाच ठेवला, शनिवार होता. दुपारी त्यांनी दोन वर्ग एका बैठकीत भरून टाकले. बोटं अशी चालत होती की ग्यानोबा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "हार्मोनियम वाजवून राहिल्या का मॅडम?"

संध्याकाळी आण्णांना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, झालं काय होतं? मी उंदरांचं सांगितलं. ते म्हणाले, ऑफिसात उंदीर कशाला येतील, तिथे खायला काय हाय? मी म्हणालो, कपाटात मॅडमचा डबा असतो.

आण्णांनी मान डोलावली. "असं म्हन की मंग," म्हणाले.

मी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. पहाटे अभिषेक केला. मन प्रसन्न होतं. ऑफिसात आल्यावर विचार केला की लॅपटॉप एवढा बरा होऊन आला आहे, आता त्याला पुन्हा काही होऊ नये. बाटली भरून आणली होती. सगळीकडे नीट शिंपडलं. दुकानदाराचं बोलणं आठवलं, पण तो पाण्याबद्दल बोलत होता.

१४ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा हळू. या वेळी आधीपेक्षा वाईट. नवीन पाटीवरची काही बटणं दाबली तरी उमटत नाहीत. आठवीच्या मुलांची नावं अर्धी अर्धी पडली आहेत.

उद्या झेंडावंदन, तरी मॅडम उशिरापर्यंत बसल्या होत्या. आता उंदीर म्हणायलाही जागा नाही, कारण त्यांनी डबा कपाटात ठेवणं सोडलं आहे. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. आता झाडाखाली बसून जेवतात.

मी रात्री विचार करत पडलो. पंखा नवा, पाटी नवी, उंदीर नाही. मग राहिलं काय? मला उत्तर दिसतं, पण ते मी कोणाला बोलून दाखवणार नाही. काही माणसांचा हात लाभत नाही. यात त्यांचा दोष नाही, ज्याचं त्याचं प्रारब्ध.

१७ ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आलो. झाकणात घेऊन शिंपडत होतो. मागे चप्पल वाजली नाही. पाहिलं तर दारात मॅडम. काम उरकावं म्हणून पहिल्या गाडीने आल्या होत्या.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं. वासावरून कळलं असणार. शाळेत सडा घालतात तेव्हा हाच वास असतो.

"भाऊसाहेब, हे रोज करता?"

मी म्हणालो, रोजची पूजा आहे.

"मी या लॅपटॉपवर काम करायला लागायच्या आधीपासून करत होता?"

मी झाकण बाटलीला लावलं. खोटं बोलायचं नव्हतं.

त्या आत आल्या. माझ्या हातातून बाटली घेतील असं वाटलं, घेतली नाही. ओढणीच्या टोकाने बटणं टिपली, लॅपटॉप बंद केला, उलटा करून दोन डस्टरांवर तिरपा ठेवला, आतलं गळून जावं म्हणून. एक थेंब टेबलावर पडला, त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्या इकडं दीड महिना माझंच चुकतंय म्हनून बसले होते."

एवढे दिवस शाळेत त्या अशा बोलत नसत. पुस्तकी बोलत. मग घंटा झाली आणि त्या सहावीच्या वर्गावर गेल्या. पाढ्यांचा आवाज ऑफिसपर्यंत येत होता, मुलांचाच फक्त. त्यांचा आवाज आला नाही.

बाटली मी घरी परत आणली. तिचा बोभाटा नको, आता रोज पिशवीतून नेईन.

१९ ऑगस्ट, सोमवार

आण्णांच्या घरी बसलो. हेडमास्तर, मी, मॅडम. ग्यानोबालाही बोलावलं होतं, तो पायरीवर बसला. मॅडमनी पाहिलं ते सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते त्यांनी नांदेडला जाऊन विचारून आणलं होतं. रोज थोडं थोडं, खारट.

आण्णा हसले. म्हणाले, मॅडम, मग आपण लातूरला असंच लिहून देऊ की देवाचं तीर्थ पडल्यामुळं मशीन बंद पडलं.

मॅडम म्हणाल्या, "तीर्थ असतं तर मलाही तळहातावर दिलं असतं. हे माझी बोटं पुसायला होतं."

हेडमास्तर मोबाइल पाहत होते. आण्णांनी ग्यानोबाला विचारलं, तू काही पाहिलं का रे? ग्यानोबा पायरीचा दगड नखाने खरवडत म्हणाला, "म्या झाडू मारतो मालक. टेबलावरचं मला काय कळतंय."

मग आण्णा डब्यावर आले. कपाटात डबा कोणी ठेवला, उंदीर कोणी आणले? मॅडम म्हणाल्या, भाऊसाहेबांनीच ठेवायला सांगितलं. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्यांच्या सोयीसाठी सांगितलं होतं. हे खरंच आहे. तिथे बसलेल्या कोणालाही विचारलं तर ते खरंच म्हणतील.

मॅडम उठल्या, तेव्हा आण्णा सौम्य आवाजात म्हणाले, केस-बिस करायची असली तर करा, पण साक्षीदार आधी धुंडा. आणि माहितीचं काम या आठवड्यात पुरं झालं न्हाई तर नावाचं मी काही सांगू शकत न्हाई.

येताना वाटेत ग्यानोबा माझ्यापुढे चालत होता. मी त्याला प्रसादाचा पुडा दिला. त्याने घेतला आणि पुढच्या वळणावर एका म्हशीला खाऊ घातला.

२४ ऑगस्ट, शनिवार

मॅडमनी काम पूर्ण केलं. मुदखेडच्या एका नेट कॅफेत बसून, शाळा सुटल्यावर, रोज. सगळ्या मुलांची माहिती, एकही चूक नाही, मी स्वतः ताडून पाहिली. हेडमास्तर म्हणाले, कमाल केली.

संध्याकाळी आण्णांकडून नावं आली. मी टाइप केली. सोनकांबळे मॅडमच्या जागी वर्षाराणीचं नाव आहे. कारण असं की संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान आणि सहकाऱ्यांशी वर्तणूक. हेडमास्तरांनी सही केली आणि बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. ते त्यांच्या हातातच होतं.

मला मॅडमबद्दल वाईट वाटतं. पण अध्यक्षांच्या निर्णयात कारकुनाने पडू नये. आणि जे होतं ते कुठेतरी चांगल्यासाठीच होतं.

३ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमचा शेवटचा दिवस. मुलांनी रडारड केली. त्या ऑफिसात आल्या, कपाटाची किल्ली ठेवली, रजिस्टरवर सही केली. सिंधुने साक्षीच्या फॉर्मबद्दल म्हणून एक साडी आणि खण दिला होता, तो मी पुढे केला. त्यांनी साडीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "वहिनीला सांगा, रंग चांगला हाय." साडी टेबलावरच ठेवून गेल्या.

घरी सिंधुने विचारलं, घेतली का? मी म्हणालो, हो. साडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. कोणाला तरी उपयोगी पडेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

नावं ऑगस्टअखेर कळवली होती, आज मूळ फाइल घेऊन लातूरला आलो. आधी होस्टेलवर साक्षीला भेटलो. पोर वाळली आहे पण खूश आहे. पहिलं विचारलं, मॅडम कायम झाल्या का? मी सांगितलं, त्यांनी दुसरीकडे चांगली जागा पाहिली. साक्षी म्हणाली, मग मला त्यांचा फोन का लागला नाही? मी म्हणालो, कामात असतील. जाताना पाया पडली नाही, विसरली असेल.

ऑफिसात फाइल अडली. दोन मुलांच्या आधारवरच्या जन्मतारखा घरच्यांनी नंतर बदलून घेतल्या होत्या, त्या जुळत नव्हत्या, दुरुस्ती पोर्टलवरच करायची. मी लॅपटॉप बरोबर नेला होता. आण्णांनी पुन्हा पंखा आणि बटणांची पाटी बदलून आणवली आहे आणि मॅडम गेल्यापासून मी शिंपडणंही सोडलं आहे, आता त्याची गरज राहिली नाही. तेव्हापासून लॅपटॉप एवढा छान चालतो की आश्चर्य वाटतं. दहा दिवसांत एकदाही अडकला नाही. माझा अंदाज बरोबर होता, याचं मला समाधान नाही, पण बरोबर होता.

पोर्टल उघडलं तर ओटीपी मागितला. नोंदणी मॅडमच्या मोबाइलवर होती, ओटीपी तिकडे जाणार. वर्षाराणीला फोन केला, तिला ओटीपी म्हणजे काय तेच समजेना. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आज झालं नाही तर फाइल परत जाईल, सगळ्यांचंच राहील.

मग मॅडमना लावला. साक्षीचा लागत नव्हता, माझा लागला. मी सांगितलं, मुलांचं नुकसान होईल. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि त्यांनी विचारलं, कोणती मुलं? मी नावं सांगितली. त्या म्हणाल्या, त्यातल्या एकीची माहिती पाच वेळा पुसली गेली होती. आणि एकेक करून आकडे सांगितले, सावकाश, मी एका बोटाने टाइप करतो हे त्यांना माहीत आहे. दुरुस्ती झाली. फाइल घेतली. सगळ्यांची नावं मंजुरीला गेली.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, लॅपटॉप आता कसा चालतोय?"

मी म्हणालो, "एकदम छान. तुम्ही गेल्यापासून एकदाही अडकला नाही."

त्या हसल्या. थोडा वेळ हसतच होत्या, मग फोन बंद झाला. ऐकून मला बरं वाटलं. मनात राग धरला असता तर माणूस इतकं मोकळं हसत नाही.